औषधाची चिठ्ठी

घरात कोणी आजारी पडले की आपण दवाखान्यात जातो. डॉक्टर नाडी पाहतात, छाती तपासतात, चार प्रश्न विचारतात आणि शेवटी एक चिठ्ठी लिहून देतात. ती चिठ्ठी तुम्ही कधी वाचून पाहिली आहे का? "पाहिली, पण वाचता आली नाही," असेच तुमच्यापैकी बहुतेकजण म्हणतील. आपण हसतो आणि ती चिठ्ठी औषधाच्या दुकानात देतो. दुकानदाराला ती नक्की वाचता येते, असा आपला विश्वास असतो. पण कधी कधी त्यालाही ती वाचता येत नाही. मग तो अंदाज करतो. त्या अंदाजाने काय होऊ शकते आणि तो अंदाज टाळण्यासाठी आज काय केले जात आहे, ते या पाठात पाहू.

या चिठ्ठीला उर्दूत 'नुस्खा' म्हणतात, हे तुम्हांला माहीत आहे. या शब्दाचा मूळ अर्थ मोठा मजेदार आहे. अरबी भाषेत 'नुस्खा' म्हणजे लिहून काढलेली प्रत. 'नस्ख' या लिपीचे नाव त्याच मुळापासून आले आहे. तुम्ही ज्या नस्तालीक लिपीत उर्दू लिहिता, तिच्या नावातही हा 'नस्ख' दडलेला आहे. औषध आणि अक्षर यांचे नाते असे शब्दातच बांधलेले आहे. पूर्वी युनानी हकीम औषधे तोंडाने सांगत आणि जवळ बसलेला शागीर्द नुस्खा लिहून घेई. रोगी तो नुस्खा घेऊन अत्ताराच्या दुकानी जाई. हकीम मतबमध्ये आणि अत्तार बाजारात. दोघांची गाठ पडत नसे. दोघांमध्ये बोलणारा असा तो एकच कागद असे.

आजही तसेच आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर डाव्या बाजूला इंग्रजी 'आर' या अक्षराच्या पायावर तिरकी रेघ काढलेली एक खूण असते. ती 'घ्या' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दाची खूण आहे. तिच्यानंतर जे लिहिलेले असते तो डॉक्टरांचा औषध देणाऱ्याला निरोप असतो. 'बीडी' म्हणजे दिवसातून दोन वेळा, 'टीडीएस' म्हणजे तीन वेळा, 'एचएस' म्हणजे झोपताना. '१-०-१' असे लिहिले असेल तर सकाळी एक गोळी, दुपारी नाही आणि रात्री एक. हा सगळा निरोप ज्याच्या शरीरासाठी असतो, त्या रोग्याला मात्र त्यातले काहीच कळत नाही.

एका अक्षराने किती फरक पडतो, हे उर्दू शिकणाऱ्या मुलांना वेगळे सांगायला नको. 'दुआ' लिहिताना ऐनवर एक नुक्ता पडला की 'दगा' होतो. 'खुदा' या शब्दातील वरचा नुक्ता आत सरकला की 'जुदा' होतो. मराठीतही 'ध चा मा करणे' असा एक वाक्प्रचार आहे. त्यामागे पेशवाईतील एक गोष्ट आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. रघुनाथरावांनी गारद्यांना 'नारायणरावास धरावे' असे लिहून दिले होते आणि आनंदीबाईंनी त्यातील 'ध' खोडून 'मा' केला, म्हणजे 'धरावे'चे 'मारावे' झाले, असे सांगतात. ही गोष्ट अगदी अशीच घडली असे सर्व इतिहासकार मानत नाहीत. पण एका अक्षराने जीव जाऊ शकतो ही भीती लोकांना इतकी खरी वाटली, की गोष्टीचा वाक्प्रचार झाला.

औषधाच्या चिठ्ठीत हा 'ध चा मा' कोणी मुद्दाम करत नाही. तो घाईत होतो. सरकारी दवाखान्यात सकाळी लांब रांग असते. एकेका रोग्याला दोन-तीन मिनिटे मिळतात. शंभराव्या चिठ्ठीपर्यंत कोणाचेही अक्षर बिघडेल. म्हणून डॉक्टरांच्या अक्षराला नुसते हसून प्रश्न सुटत नाही.

चूक कोठे होते ते पाहा. 'मेटफॉर्मिन' हे मधुमेहाचे औषध आहे. 'मेट्रोनिडाझोल' हे जंतूंमुळे होणाऱ्या पोटाच्या व इतर आजारांवरचे औषध आहे. दोन्ही नावांची सुरुवात सारखीच. पुढची अक्षरे गिचमिड झाली तर कोणते औषध द्यायचे? अमेरिकेत 'लोसेक' नावाचे आम्लपित्ताचे औषध आणि 'लासिक्स' नावाचे लघवी वाढवणारे औषध यांच्यात असा गोंधळ होऊ लागला, की १९९० मध्ये तेथे लोसेकचे नावच बदलावे लागले.

आकड्यांचा घोटाळा तर याहून वाईट. औषधाच्या चिठ्ठीतला नुक्ता म्हणजे दशांशचिन्ह. डॉक्टरांनी पाच मिलिग्रॅम लिहिताना '५.०' असे लिहिले आणि मधले टिंब पुसट झाले, तर वाचणारा पन्नास वाचतो. औषध दहापट होते. म्हणून पूर्ण आकड्यापुढे टिंब व शून्य देऊ नये आणि अर्धा लिहिताना मात्र टिंबाच्या आधी शून्य जरूर द्यावे, असा नियम जगभरातील रुग्णालये पाळू पाहतात. इन्सुलिनचे माप 'युनिट'मध्ये असते. इंग्रजीत त्यासाठी नुसते 'यू' अक्षर लिहिण्याची सवय होती. घाईत लिहिलेला 'यू' शून्यासारखा दिसतो आणि दहा युनिटचे शंभर होतात. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांची इंग्रजी संक्षिप्त रूपे एका अक्षराच्या फरकाने वेगळी आहेत. पण त्या एका अक्षराचा अर्थ हजारपट असतो. गणिताच्या वहीत अशी चूक झाली तर एक गुण जातो.

१९९५ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ओडेसा या शहरात असेच घडले. एका हृदयरोग्यासाठी डॉक्टरांनी 'आयसॉर्डिल' हे औषध दर सहा तासांनी वीस मिलिग्रॅम असे लिहिले. औषध देणाऱ्याने ते 'प्लेंडिल' असे वाचले. प्लेंडिल हे रक्तदाबाचे औषध. ते दिवसाला जास्तीत जास्त दहा मिलिग्रॅम द्यायचे असते. रोग्याच्या पोटात दिवसाला ऐंशी मिलिग्रॅम जाऊ लागले. त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि थोड्याच दिवसांत तो मरण पावला. १९९९ मध्ये न्यायालयात पंचमंडळाने त्याच्या कुटुंबाला साडेचार लाख डॉलर भरपाई द्यावी असा निर्णय दिला. तो भार लिहिणारा डॉक्टर आणि औषध देणारा या दोघांवर सारखा टाकला. लिहिणाऱ्याने स्पष्ट लिहिले नाही, आणि वाचणाऱ्याने शंका आली असताना विचारले नाही, असा त्याचा अर्थ.

भारतातही याकडे लक्ष गेले आहे. २०१६ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने आपला नियम बदलला. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव लिहावे, ते वाचता येईल असे लिहावे आणि शक्यतो इंग्रजी मोठ्या लिपीत लिहावे, असे त्यात सांगितले. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयाने याहून पुढे जाऊन सांगितले, की वाचता येईल अशी चिठ्ठी मिळणे हा रोग्याचा मूलभूत हक्क आहे. राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमात जगण्याचा हक्क दिलेला आहे. त्यातच हा हक्क येतो, असे न्यायालयाचे म्हणणे.

आता आपण वऱ्हाडात येऊ. बार्शीटाकळी हा अकोला जिल्ह्यातील तालुका. अकोल्याहून पूर्णेकडे जाणारा लोहमार्ग येथून जातो. अकोला शहर येथून जवळच आहे. तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालय आहे आणि पिंजर, महान, धाबा अशा गावी प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. आजार मोठा असेल तर रोग्याला अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात पाठवतात. तेथे २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

समजा, या तालुक्यातील एका खेड्यात एक दादी राहते. तिला मधुमेह आहे. ती आधी आरोग्य केंद्रात गेली. तेथे तिला साखर कमी करणारी गोळी मूळ नावाने मिळाली. मग पाय सुजला म्हणून ती बार्शीटाकळीला आली. तेथून तिला अकोल्याला पाठवले. परत आल्यावर शेजारणीने सांगितले म्हणून ती एका खासगी डॉक्टरांकडे गेली. त्यांनीही साखरेची गोळी लिहून दिली, पण कंपनीने ठेवलेल्या नावाने. दादीच्या पिशवीत आता चार चिठ्ठ्या आहेत आणि दोन निराळ्या रंगांच्या गोळ्या आहेत. नावे वेगळी असली तरी औषध एकच आहे, हे दादीला कसे कळणार? ती दोन्ही गोळ्या नेमाने घेते. एके दिवशी पहाटे रक्तातील साखर फार उतरते आणि ती बेशुद्ध पडते. येथे कोणत्याही डॉक्टराने चुकीचे औषध लिहिलेले नाही. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर आहे. फक्त एका चिठ्ठीला दुसऱ्या चिठ्ठीची खबर नाही.

ही दोन दुखणी, म्हणजे न वाचता येणारे अक्षर आणि एकमेकांची खबर नसणाऱ्या चिठ्ठ्या, दूर करण्यासाठी संगणकावर औषध लिहिण्याची पद्धत निघाली. तिला ई-प्रिस्क्रिप्शन असे म्हणतात.

ही पद्धत कशी चालते? दवाखान्यात नाव नोंदवताना रोग्याला एक क्रमांक मिळतो. डॉक्टर तो क्रमांक उघडतात तेव्हा पडद्यावर जुनी औषधे, जुन्या तपासण्या आणि कोणत्या औषधाचा त्रास होतो ही माहिती दिसते. औषध लिहिताना डॉक्टर पहिली दोन-तीन अक्षरे टंकतात. लगेच त्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या औषधांची यादी समोर येते. त्यातून औषध निवडायचे, मग ते किती मिलिग्रॅमचे, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस, हे निवडायचे. पाचशेऐवजी पाच हजार निवडण्याची सोयच यादीत नसते. चांगली यंत्रणा असेल तर ती टोकतेही, 'या रोग्याला हेच औषध दुसऱ्या नावाने चालू आहे' किंवा 'ही दोन औषधे एकत्र देऊ नयेत'. आपल्या दादीच्या बाबतीत हा एक इशारा पुरेसा होता. पण त्यासाठी चारही ठिकाणच्या नोंदी एकमेकींना जोडलेल्या हव्यात.

डॉक्टरांनी बटण दाबले की चिठ्ठी औषध वाटपाच्या खिडकीतील संगणकावर पोहोचते. तेथे बसलेले औषधनिर्माण अधिकारी ती छापील अक्षरांत वाचतात, औषधे देतात आणि दिल्याची नोंद करतात. त्या नोंदीबरोबर दवाखान्याच्या साठ्यातून तेवढ्या गोळ्या वजा होतात. हा दुसरा फायदा माझ्या मते पहिल्याइतकाच मोठा आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार आणि औषधे मोफत आहेत. पण कपाटात गोळी नसेल तर मोफत औषधाचा उपयोग काय? 'बाहेरून आणा' हे दोन शब्द मजुरी बुडवून आलेल्या माणसाला फार महाग पडतात. राज्यात औषधसाठ्यासाठी 'ई-औषधी' नावाची संगणक यंत्रणा वापरली जाते. कोणत्या दवाखान्यात कोणते औषध किती आहे, त्याची मुदत कधी संपते, हे तिच्यात नोंदवतात. एका केंद्रात गोळ्या पडून मुदतबाह्य होत आहेत आणि दहा कोसांवर दुसऱ्या केंद्रात त्याच गोळ्यांसाठी लोक परत जात आहेत, ही गोष्ट कागदी रजिस्टरातून लवकर दिसत नाही.

ही यंत्रणा सी-डॅक या सरकारी संस्थेने तयार केली. सी-डॅकची स्थापना १९८८ मध्ये झाली. तिचे मुख्यालय पुण्यात आहे. भारताचा पहिला महासंगणक 'परम' याच संस्थेने १९९१ मध्ये घडवला. राजस्थान सरकारने २ ऑक्टोबर २०११ रोजी मोफत औषध योजना सुरू केली तेव्हा तिलाही ई-औषधीचाच आधार होता.

सी-डॅकनेच 'ई-संजीवनी' ही यंत्रणा बनवली. ती नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. खेड्यातील उपकेंद्रात रोगी बसतो, त्याच्या शेजारी समुदाय आरोग्य अधिकारी असतात आणि दूरच्या रुग्णालयातील डॉक्टर पडद्यावरून त्याच्याशी बोलतात. बोलणे संपले की डॉक्टर तेथूनच चिठ्ठी पाठवतात. करोनाच्या साथीत, १३ एप्रिल २०२० पासून, घरबसल्या सल्ला घेण्याची सोयही तिच्यात झाली. डॉक्टर पन्नास किलोमीटरवर असतील तर हाताने लिहिलेली चिठ्ठी काय कामाची? येथे छापील चिठ्ठीला पर्यायच नाही.

जगात या कामाला स्वीडनने सर्वांत आधी हात घातला. तेथे १९८३ मध्येच पहिली चिठ्ठी संगणकावरून पाठवली गेली. इंग्लंडमध्ये ही सेवा २००५ मध्ये सुरू झाली. एस्टोनिया हा लहानसा देश आहे. तेथे १ जानेवारी २०१० पासून सगळ्या देशात ही पद्धत लागू झाली. तेथील रोगी देशातील कोणत्याही औषध दुकानात जाऊन आपले ओळखपत्र दाखवतो आणि दुकानदाराला त्याची चिठ्ठी पडद्यावर दिसते. कागद लागतच नाही.

आपला देश एस्टोनियासारखा लहान नाही. येथे एकाच गावात एकाच नावाचे पाच-सहा जण सहज सापडतात. 'शेख रहीम' असे पुकारले तर रांगेतून तीन माणसे पुढे येतील. शिवाय एकच नाव इंग्रजीत प्रत्येक कारकून वेगळे लिहितो. 'रहमान' कोठे 'रेहमान' होतो, कोठे 'रहेमान'. संगणकाला ही तीन वेगळी माणसे वाटतात, आणि उलट, एका शेख रहीमची औषधे दुसऱ्याच्या नावावर चढू शकतात. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये प्रत्येकाला चौदा अंकी 'आभा' क्रमांक घेता येतो, तो यासाठीच. त्या क्रमांकाला जोडलेल्या नोंदी रोग्याच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरांना पाहता येतात. 'संमतीने' या शब्दाकडे लक्ष द्या. आपला आजार ही आपली खासगी गोष्ट आहे. ती कोणाला दाखवायची हे आपण ठरवायचे.

संगणक आला म्हणजे चुका संपल्या, असे मात्र समजू नका. जुन्या चुका जातात आणि नव्या येतात. यादीत एकाखाली एक असलेल्या दोन नावांपैकी घाईत खालचे नाव निवडले गेले, तर सुंदर छापील अक्षरांत चुकीचे औषध मिळते. वाईट अक्षर निदान शंका तरी आणते. छापील अक्षरावर सगळे डोळे मिटून विश्वास ठेवतात. यंत्रणा ऊठसूट इशारे देऊ लागली तर डॉक्टर ते न वाचताच पुढे जातात, लांडगा आला रे आला या गोष्टीतल्या गावकऱ्यांसारखे. वीज गेली, नेट बंद पडले, की रांग तशीच उभी राहते. आणि डॉक्टर रोग्याकडे पाहण्याऐवजी पडद्याकडेच पाहत बसले, तर तपासणीच अपुरी होते. ही तक्रार जेथे जेथे संगणक आला तेथे तेथे ऐकू येते.

याहून मोठी एक अडचण आपल्याच राज्याने अनुभवली आहे. महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत रोग्यांच्या नोंदी, तपासण्या आणि औषधे यांसाठी एक संगणक यंत्रणा काही वर्षे चालू होती. ती एका खासगी कंपनीकडून चालवली जात असे. जुलै २०२२ मध्ये ते काम थांबले आणि यंत्रणा बंद झाली. डॉक्टरांनी पुन्हा पेन हातात घेतले. रोग्यांच्या जुन्या नोंदी पाहणे कठीण झाले. पुढे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र या सरकारी संस्थेची 'ई-हॉस्पिटल' यंत्रणा आणावी लागली. घरातल्या पिशवीतली मळकी चिठ्ठी अशी एकाएकी नाहीशी होत नाही, हेही खरे आहे. म्हणून नोंदी कोणाच्या ताब्यात राहतील आणि काम दुसऱ्याकडे गेले तर त्या कशा मिळतील, हे यंत्रणा विकत घेण्यापूर्वीच लिहून ठेवावे लागते.

चिठ्ठी संगणकावर लिहिली तरी रोग्याच्या हातात बहुधा एक छापील कागद येतोच. त्यावरची नावे इंग्रजीत असतात. दादीला इंग्रजी येत नाही, कदाचित मराठीही वाचता येत नाही. घरात इंग्रजी अक्षरे वाचू शकणारे तुम्हीच असता. म्हणून खिडकीपाशी उभे असतानाच कागदावरचे नाव आणि गोळ्यांच्या पाकिटावरचे नाव जुळवून पाहा. नाव मोठे असेल तर अक्षर अक्षर जुळवा. नावाशेजारचा आकडाही जुळवा. जुळले नाही तर तेथेच विचारा, "साहेब, कागदावर पाचशे आहे आणि पाकिटावर हजार आहे, हे कसे?" औषधनिर्माण अधिकाऱ्यांना त्याचा राग येत नाही. कधी हजाराची गोळी अर्धी करून घ्यायची असते, मग ते तसे सांगतील. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना नुसत्या चिठ्ठ्या नव्हे, तर घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या.

घरी आल्यावर पाकिटावर दादीसाठी उर्दूत लिहून द्या. पण एक काळजी घ्या. उर्दू आकड्यांत शून्य म्हणजे नुसता एक नुक्ता असतो. पेनाचा ठिपका चुकून पडला तरी पाचाचे पन्नास होतात. म्हणून गोळ्यांची संख्या आकड्यात लिहू नका, अक्षरांत लिहा. सुबह एक, रात आधी.